नव्या घराची हमी : पाच वर्षांचा हक्क



प्रॉव्हिडंट फंड काढून, दागिने मोडून, बँकेचे कर्ज डोक्यावर घेऊन आपली माणसे नवा फ्लॅट घेतात. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल येते. बिल्डरकडे जावे तर उत्तर मिळते, "आमची वॉरंटी एकाच वर्षाची होती." मग माणूस मुकाट्याने परततो आणि पदरमोड करून गवंडी लावतो. हे थांबले पाहिजे.

घराची हमी ही बिल्डरची मेहेरबानी नाही. २०१६ च्या 'रेरा' कायद्याचे कलम १४(३) सांगते की, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सोयींत दोष निघाला व तो कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. तसे न केल्यास नुकसानभरपाई मागता येते.

हा हक्क टिकवण्यासाठी चार गोष्टी करा.

१) ताबापत्र जपून ठेवा. पाच वर्षे त्यावरील तारखेपासून मोजली जातात. बुकिंगच्या तारखेपासून नव्हे.

२) तोंडी तक्रारीला पुरावा नसतो. ओल, तडे बहुधा घरातल्या बाईलाच आधी दिसतात. तिने तारीख वहीत लिहावी, फोटो काढावा. मग लेखी पत्र देऊन पोच घ्यावी.

३) मोरी, संडास, स्वयंपाकघर यांत लेखी परवानगीशिवाय तोडफोड करू नका. तसे केल्यास हमी रद्द, असे कलम अनेक करारनाम्यांत असते. सही करण्याआधी ते वाचा.

४) लिफ्ट, पंप यांची कंपनीची वॉरंटी वेगळी असते. ती कार्डे सोसायटीने ताब्यात घ्यावीत.

३० दिवसांत काम झाले नाही, तर नोंदणीकृत प्रकल्पाबाबत महारेराकडे तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपली बाजू स्वतः मांडता येते. म्हणूनच बुकिंगपूर्वी महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो खरा आहे का, हे संकेतस्थळावर तपासा. घरातली शिकलेली मुले हे काम सहज करतील.

गच्ची गळत असेल तर एकट्याने भांडू नका. सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून एकच पत्र द्या. आणि ज्यांना ताबा मिळून चार वर्षे झाली आहेत, त्यांनी याच रविवारी घराच्या भिंती तपासाव्यात. मुदत संपल्यावर जाग येऊन उपयोग नाही.