भूकंप कधी? बॉस, प्रश्नच चुकला!

21 मार्च 2024. सकाळचे सहा वाजून गेलेले. नांदेडात अनेकांचा अलार्म वाजायच्या आधी पलंगच हलला. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता 4.5. चहा गाळून होईपर्यंत मोबाइलवर एकच प्रश्न : ‘मोठा कधी येणार?’ त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा 4.5, पुन्हा तोच प्रश्न. एरवी विज्ञानाची बातमी दिसली की पान उलटणारे आपण, अशा दिवशी मात्र भूगर्भशास्त्रज्ञांचा शब्द न् शब्द वाचतो.

साहजिकच आहे. आपल्या मागे किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. 6.2 तीव्रतेच्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली.

त्यानंतर जगभरच्या संशोधकांचं लक्ष किल्लारीकडे वळलं. कारण पुस्तकी हिशेबात इथे असं काही व्हायलाच नको होतं! दख्खनचा काळा पाषाण म्हणजे एकदम सेफ, हा समज. नकाशातही हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये. हैदराबादच्या एनजीआरआयने किल्लारीत 617 मीटर खोल बोअर घेतलं. काळा पाषाण 338 मीटरवर संपला. म्हणजे जेमतेम अकराशे फूट. लातूरकरांना बोअरचे फूट समजावून सांगायला नकोत. 2002 च्या नकाशात झोन एक रद्दच झाला आणि लातूर परिसर झोन तीनमध्ये गेला.

बरं, मग आधी सांगता आलं नसतं का? 1992 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारीत छोटे धक्के बसत होते. मग ते शांत झाले आणि वर्षभराने घात झाला. आता दुसरी बाजू बघा. 2006 च्या अखेरीपासून थेट नांदेड शहराखाली धक्क्यांची मालिका सुरू झाली. जमिनीतून गुडगुड आवाज, लोकांची झोप उडालेली. हे पुढे काही वर्षं चाललं, पण मोठा भूकंप आला नाही. सुरुवात सारखी, शेवट वेगळा. यातली कुठली मालिका कुठे जाणार, हे त्या-त्या दिवशी सांगणारं यंत्र आजही जगात कुणाकडे नाही. त्यामुळे ‘आज रात्री तीन वाजता’ असा मेसेज आला तर सरळ डिलीट. पाठवणारा काका असला तरी!

पण ‘कधी’ला उत्तर नसलं तरी ‘कशामुळे माणसं मेली’ याला आहे. किल्लारीतली घरं माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गारेगार, पण धक्का बसला तशा भिंती फुटल्या आणि छत झोपलेल्यांच्या अंगावर आलं.

आता आपण माळवदात राहत नाही. आपण ईएमआय भरून पार्किंगच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहतो. खाली गाड्यांसाठी नुसते कॉलम, वर भिंतींनी भरलेले चार मजले. भूकंपात अशा इमारतीचा तो मोकळा मजलाच आधी दगा देतो, जर डिझाइनमध्ये त्याचा विचार केलेला नसेल तर.

तेव्हा साइटवर जाल तेव्हा मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी विचारा : डिझाइन आयएस 1893 प्रमाणे आहे का? पार्किंगचे कॉलम त्या हिशेबाने धरलेत का? कॉलमच्या रिंगा आयएस 13920 प्रमाणे, टोकं 135 अंशात आत वळवलेल्या आहेत का? रिंगेचं टोक नुसतं काटकोनात सोडलं असेल तर हादऱ्यात ती उघडते. काँक्रीट पडलं की ते कुणालाच दिसत नाही, म्हणून स्लॅब पडायच्या आधी जा. सोबत ओळखीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. बिल्डर हसला तर हसू दे.

किल्लारीच्या अभ्यासाने आपल्याला तारीख दिली नाही. विचारायला योग्य प्रश्न मात्र दिला. तो बुकिंगचा चेक फाडायच्या आधी विचारायचा असतो, एवढंच!