उन्हाळ्याची धावपळ आणि आपली प्रकृती



एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांतून कामांची एकच झुंबड उडते. १४ एप्रिलची जयंती, तिच्याआधीची वर्गणी, विहाराची रंगरंगोटी, मंडप. मुलांच्या परीक्षा. पाठोपाठ लग्नसराई, बुद्धपौर्णिमा आणि सुट्टीला येणारे पाहुणे. त्यातच वर्षाचे गहू निवडायचे, तिखट कांडून आणायचे, पापड-कुरडया घालायच्या. कामावरची हजेरी मात्र एक दिवस सुटत नाही. झाडूखात्यातला माणूस दिवस उजाडायच्या आत घर सोडतो, धुणीभांडी करणाऱ्या भगिनीची चार घरे ठरलेली असतात, वॉचमनची बारा तासांची पाळी असते. अशा वेळी कोणी "व्यायाम करा" म्हटले की लोक हसतात. "दिवसभर राबतोच की आम्ही, आणखी कसला व्यायाम?" हा प्रश्न आम्ही बायकांकडून ऐकतो, पुरुषांकडूनही ऐकतो. त्यात तथ्य आहे, म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

राबणे आणि व्यायाम या दोन गोष्टी शरीराला सारख्या नाहीत. व्यायामात वेग आपण ठरवतो, दम लागला की थांबतो, अर्ध्या तासाने अंगाला विसावा मिळतो. पाट्या वाहणाऱ्याला असे थांबता येत नाही. तासन्‌तास तेच ओझे, तीच हालचाल, तीच कंबर. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास ही विसंगती मांडली, की मोकळ्या वेळात केलेली हालचाल हृदयाला हितकारक ठरते, पण कामावरची जड मेहनत तशी ठरत नाही; कित्येकदा उलटेच होते. सर्वच तज्ज्ञांना हे मान्य आहे असे नाही. पण आपल्या वस्तीतल्या पन्नाशीच्या हमालाचे गुडघे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

म्हणून सर्वांना एकच व्यायाम सांगणे आम्हाला पटत नाही. जो दिवसभर उभा किंवा वाकलेला असतो, त्याला आणखी दमवणारे काही नको. घरी आल्यावर दहा मिनिटे पाठीवर पडून पाय भिंतीला उंच टेकवावेत, कंबरेला आणि पाठीला सावकाश ताण द्यावा आणि झोप पुरती घ्यावी. रिक्षा चालवणारा, बसचा ड्रायव्हर, शिलाई मशीनवर बसणारी भगिनी यांचे उलटे आहे. त्यांना चालणे हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला. पूर्वी सलग दहा मिनिटे तरी चालायला हवे अशी अट असे, ती आता उरलेली नाही. म्हणजे एक थांबा आधी उतरून चालत आलात तरी ते हिशेबात धरले जाते. त्याला जिमची फी लागत नाही.

उन्हाळ्यात मात्र वेळ पाहून चालावे. सूर्य वर येण्यापूर्वी, नाहीतर दिवेलागणीनंतर. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि काही दिवस सावलीत काढले की ती सवय मोडते. लग्नासाठी पंधरा दिवस गावी जाऊन आलेला कामगार आल्या दिवशीच पूर्ण जोमाने उन्हात कामाला लागतो, त्यात धोका असतो. पहिल्या दिवशी थोडे, मग रोज थोडे वाढवत जावे. मुकादमाला हे सांगणे सोपे नाही हे आम्ही जाणतो. चौघांनी मिळून सांगितले तर तो निदान ऐकून घेतो.

केवळ पाऱ्यावर जाऊ नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. नागपूरला कूलर गारवा देतो आणि मुंबईत तोच कूलर नुसती चिकचिक वाढवतो, त्याचे कारणही हेच. जयंतीच्या मिरवणुकीत लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर भगिनी यांच्यासाठी सावलीची आणि पाण्याची सोय करणे हे डी. जे. ठरवण्याच्या आधीचे काम आहे.

उन्हात काम करताना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. कामावर मुतारी नाही म्हणून आपल्या कित्येक भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे दुःख आम्हाला ठाऊक आहे. मुतारी मागणे हाही प्रकृतीचाच प्रश्न आहे, त्यात लाज कसली? जास्त घाम गेला, उलट्या-जुलाब झाले, तर जलसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला, बेशुद्ध झाला, अंग भाजल्यासारखे तापले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. मधुमेहाच्या रुग्णांनी घरात फ्रीज नसेल तर इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात ठेवावे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आता वेळेचे पाहू. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. फरक २०१ मिनिटांचा. प्रकृतीसाठी आठवड्याला १५० मिनिटे पुरतात, आणि आपल्या घरातल्या बाईची त्याहून जास्त मिनिटे एकाच दिवसात जातात. डॉ. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. चुलीपुढचे तास मात्र कोणी मोजलेच नाहीत. त्यामुळे "बायकोला फिरायला सांगतो, पण ती ऐकत नाही" असे जेव्हा एखादा बंधू म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला विचारतो, नळाचे पाणी कोण भरते?

पाणी पुरुषाने भरावे. भाजी निवडणे, भांडी घासणे, धुणे वाळत घालणे हे बारा वर्षांच्या मुलाला सहज जमते. सुट्टीत मुलगी धाकट्याला सांभाळत घरी बसते आणि मुलगा मैदानावर जातो, हे आपल्याही घरांतून दिसते. तिलाही सायकल हवी, खो-खो हवा. वाळवणाचे म्हणाल, तर चार बायकांनी मिळून एका सकाळी कुरडया घातल्या आणि पुरुषांनी चीक हाटून दिला तर अर्धे काम हलके होते. ज्यांना जमत नसेल त्यांनी बचत गटाकडून पापड घ्यावेत. घरचे वाळवण नसले म्हणजे सूनबाई आळशी, हे बोलणे आता बंद व्हावे.

लग्नाच्या पंक्तींबद्दलही दोन शब्द. संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आहे. तो पोट तट्ट फुगेपर्यंत जेवायचा आणि धापा टाकायचा. भगवंतांनी त्याला प्रमाणात जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कहापण देऊन जेवताना ती गाथा म्हणायला ठेवले आणि हळूहळू भात कमी करत आणला. अंग हलके झाल्यावर तो खूष झाला. आपल्याकडे हे काम घरातली मुलगी फुकटात करील.

चालायला जागा कुठे, असे भगिनी विचारतात. रस्त्यावर कुत्री, टवाळ पोरे आणि गाड्या. आम्हाला वाटते, ज्या वस्तीत विहाराला आवार आहे, तिथे ते पहाटे पाच ते सात आणि रात्री वंदनेनंतर तासभर बायकांना चालण्यासाठी मोकळे ठेवावे. एक दिवा, एक पाण्याचा माठ आणि बसायला बाक एवढेच लागते. खर्च जयंतीच्या शिल्लक वर्गणीतून निघेल. फाटकाची किल्ली पहाटे कोणत्या भगिनीकडे राहील, तेवढे विहार समितीने येत्या रविवारच्या बैठकीत ठरवावे.