वानराचे पोट पानांसाठीच

डिसेंबर २०२१ मध्ये सोनपेठच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील लवूळ (ता. माजलगाव) हे गाव एकाएकी जगभर गाजले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या छतांवर नेत होती, पिल्ले मरत होती. ‘वानरांचा सूड’, ‘अडीचशे पिल्ले ठार’ अशा बातम्या झळकल्या. प्रत्यक्ष गावात जाऊन चौकशी करणाऱ्यांना हा आकडा फुगवलेला आढळला. वन विभागाने दोन वानरे पकडून नेली आणि प्रकरण निवळले. सुडाची कथा मात्र आजही सांगितली जाते. त्या कथेपेक्षा वानराचे शरीर समजून घेतले असते, तर गावकऱ्यांची निम्मी भीती तेव्हाच ओसरली असती.

काळ्या तोंडाचे वानर हे मुळात पाला खाणारे. पाने कातरण्यासाठी त्याच्या दाढांना धारदार उंचवटे असतात. त्याचे पोट काहीसे गाई-म्हशींसारखे, कप्प्यांचे असते. पुढच्या कप्प्यांत कोट्यवधी जिवाणू पाल्यातील तंतू आंबवतात आणि पानांतील काही विषारी द्रव्येही निष्प्रभ करतात. पुढे हे जिवाणूच पचवून वानर पोषण मिळवते. दुपारी वडाच्या फांदीवर तासन् तास बसलेला हुप्प्या आळशी नसतो. तेव्हा त्याचे पोट काम करत असते. असा प्राणी मांसासाठी पिल्ले उचलत नाही.

मग पिल्ले का मेली? वानराचे पोर जन्मल्यापासून हातापायांच्या बोटांनी आईच्या पोटाची केसाळ कातडी घट्ट पकडते. आई उडी मारते तेव्हा पोर स्वतःच बिलगून राहते. कुत्र्याच्या पंजाला अशी पकड नसते. उंचावर नेलेले पिल्लू तोल जाऊन पडते; पडले नाही तर दुधावाचून उपाशी राहते. पिल्लांचा जीव घेण्यासाठी सूड लागत नाही. दोन प्राण्यांच्या शरीररचनेतील हा फरकच पुरेसा ठरतो.

वानराचे बाकी शरीरही झाडांसाठीच घडलेले आहे. शरीराहून लांब शेपूट उडी मारताना तोल सांभाळते. समोर रोखलेले डोळे पुढच्या फांदीचे अंतर अचूक जोखतात. लाल तोंडाच्या माकडाची गोष्ट वेगळी. त्याचे पोट साधे असते आणि गालांत पिशव्या असतात. मिळेल ते गालात कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन खायचे, ही त्याची रीत. वानराला अशा पिशव्या नसतात. दोघांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच चुकीचे आहे.

कापूस, सोयाबीन, तूर आणि उसाच्या सोनपेठ तालुक्यात जंगल नावापुरतेच. बांधावरची आणि रस्त्याकडेची मोठी झाडे तुटली की वानरांचे टोळके तुरीत, हरभऱ्यात आणि पत्र्यांवर उतरते. दोन झाडांमधली फांदी गेली की उडीसाठी विजेची तार उरते, आणि ती जीव घेते. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. त्याचा पंचनामा वेळेवर व्हायलाच हवा. पण नुकसानीची वाट अनेकदा गावच मोकळी करून देते.

शनिवारी मारुतीच्या पारावर वानरांपुढे केळी, चपात्या, बिस्किटे टाकली जातात. भावना चांगली, पोटाला मात्र ती मानवत नाही. साखर आणि पीठ या पोटात झपाट्याने आंबते, आम्लता वाढते, पोट फुगते, हगवण लागते. शिवाय माणसाच्या हातातले खाण्याची सवय लागलेले वानर भीती विसरते. मग ते पिशवी हिसकावते, अडवले तर चावते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. रेबीजची लस घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. हळद, चुना लावून वेळ दवडू नये.

वानराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. सापळे, फासे किंवा विष हा उपाय नव्हे, गुन्हा आहे. त्रास देणाऱ्या वानराची खबर वन विभागाला द्यावी. ग्रामपंचायतींनी गायरानात आणि रस्त्याकडेला वड, पिंपळ, उंबर, चिंच लावावी, जुनी झाडे राखावीत. वीज कंपनीने झाडांजवळच्या उघड्या तारा झाकाव्यात. भाविकांनी केळ्यांच्या घडाऐवजी एक उंबर लावून जगवला, तर तो वानराच्या पोटाला मानवेल आणि शेजारची तूरही थोडी वाचेल.