लुंबिनीच्या गाडीला दोन ड्रायव्हर हवेत
थंडी पडली की वस्तीवस्तीतून कुशीनगर, तिथून सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात लुंबिनी, अशा गाड्या निघतात. मुक्कामाचे पैसे वाचवायला एकच ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवतो. अपघाताचे पेशंट मी वॉर्डात सांभाळलेत, मला हे पटत नाही. पहाटेची डुलकी मोठ्याने लावलेल्या भीमगीतांनी जात नाही. माणशी वर्गणी थोडी वाढवा, पण दुसरा ड्रायव्हर घ्याच.

आजीचं इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या टपावरच्या बॅगेत नकोत. हाताशी, सावलीत ठेवा. सोनौलीपलीकडे आपली १०८ येत नाही, आयुष्मान कार्डही चालत नाही. दवाखान्यासाठी रोख वेगळी बांधा. आणि मोठ्या माणसांनी नुसत्या आधारवर निघू नये, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवा.