नगर ज्या वाटेने निघून गेले



नाताळची धावपळ आटोपली की धर्मगुरूंनाही चार दिवसांची उसंत मिळते. यंदा ती आम्ही आमच्या सतरा वर्षांच्या भाच्यासमवेत गोव्यात घालविली. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन आपल्यापैकी पुष्कळांनी घेतलेले आहे. परंतु बसमधून उतरावे, रांगेत उभे राहावे, मेणबत्ती लावावी आणि पुन्हा बस गाठावी, एवढ्यातच ती यात्रा संपते. या खेपेस आम्ही पणजीत दोन सायकली भाड्याने घेतल्या आणि मांडवीच्या काठाकाठाने जुन्या गोव्याची वाट धरली.

अंतर अवघे दहा किलोमीटरांच्या आतबाहेर. पणजी सोडताच एक लांबलचक बांध लागतो. १६३३-३४ साली लिन्यारिसचे काउंट व्हाइसरॉय असताना दलदलीतून जांभ्या दगडाचा हा मार्ग बांधण्यात आला. तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचा तो रस्ता आजही वाहतुकीचा भार वाहत आहे. डाव्या हातास नदी, उजव्या हातास खारजमीन. सायकलीवर बसलेल्या माणसास चिखलाचा वासही येतो आणि पाण्यावरची झुळूकही लागते. पुढे रायबंदर, त्यापुढे पाणेली. दोन तासांत, वाटेत एकदा पंक्चर काढून, आम्ही जुन्या गोव्याच्या धक्क्याशी पोहोचलो.

तेथे व्हाइसरॉयची कमान उभी आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने ती आपल्या पणजोबांच्या स्मरणार्थ उभारली. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीखालून शहरात प्रवेश करी. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकर्कने हे नगर आदिलशाहीकडून जिंकले आणि पुढील शंभर वर्षांत त्याचे वैभव असे वाढले की, गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी पोर्तुगिजांत म्हणच पडली. आज कमानीतून आत शिरावे तो दोहों बाजूंस माडांची झाडे! बाजारपेठ नाही, वाडे नाहीत. मोठमोठी देवमंदिरे तेवढी उभी आहेत, आणि त्यांच्याभोवती घरे नाहीत.

सायकली हाती धरून आम्ही पवित्र टेकडीचा चढ चढलो. संत आगस्टीन यांच्या मंदिराचा अर्धा मनोरा तेथे एकटाच उभा आहे. उंची सुमारे ४६ मीटर. त्याच्या पायथ्याशी बसून भाच्याने विचारले, "मामा, हे शहर लुटलं कुणी?"

आम्ही म्हणालो, "कुणीच नाही रे."

त्याला ते पटेना. पण खरी गोष्ट तीच आहे. डचांनी समुद्रमार्ग अडविले, व्यापार घटला, हे खरे. तथापि या नगरात तळ ठोकून बसलेला शत्रू निराळाच होता. येथील जमीन सच्छिद्र, वस्ती दाट, आणि सांडपाण्याची नीट व्यवस्था नाही. घाण झिरपत झिरपत विहिरींत उतरली. त्यातच हिवताप आणि पटकी. साथीमागून साथी आल्या. ज्यांना शक्य होते ते निघून गेले. १६९५ साली खुद्द व्हाइसरॉय पाणेलीस राहावयास गेला, १७५९ साली पणजीस. आणि १८४३ साली पणजीच अधिकृत राजधानी झाली. ज्या वाटेने आम्ही सकाळी सायकली हाकीत आलो, त्याच वाटेने उलट दिशेने ते नगर हळूहळू निघून गेले होते.

मनोऱ्याची कथाही याहून वेगळी नाही. १८३५ साली मठवासी संघांना गोव्यातून काढल्यावर येथे छप्पर शाकारणारे कोणी उरले नाही. १८४२ साली घुमट कोसळला, १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. तोफ एकही डागली गेली नाही; पाऊस तेवढा पडत राहिला.

वाचकहो, हे भाच्याला सांगत असता आमचाच आवाज खाली आला. आमच्या मंदिराच्या आवारातील विहिरीचा कठडा गेली तीन वर्षे ढासळलेला आहे, आणि तिच्यापासून दहा पावलांवर संडासाचा खड्डा आहे. दर वर्षी पंचमंडळी विषय काढतात, दर वर्षी आम्ही म्हणतो, "सणाचा खर्च होऊ द्या, पुढल्या वर्षी पाहू." गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाला येणारी दोन मुले काविळीने अंथरुणास खिळली. ती बरी झाली, देवाची कृपा. परंतु त्यांच्या आयांनी आम्हांस दोष दिला नाही, हेच आम्हांस आता अधिक टोचते.

सायंकाळी पणजीस परतलो तेव्हा निष्कलंक मातेच्या मंदिरात मिस्साची घंटा झाली. त्या मंदिराची मोठी घंटा मूळची त्या पडक्या मनोऱ्यातील. १८७१ साली ती येथे बसविण्यात आली. सकाळी निघताना आम्ही तिच्याखालूनच गेलो होतो, पण तिकडे लक्ष गेले नव्हते. भाचा सायकलीवरून उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो.

विहिरीचे काम उपवासकाळापूर्वी सुरू होईल. खड्डा दूर हलविला जाईल. यंदा सणाचा मंडप साधा असेल, त्याबद्दल कोणी रुसू नये. आणि आपण सर्वांनी हे पान मिटल्यावर एवढेच करावे: उठून आपल्या विहिरीपाशी जावे, आत वाकून पाहावे, आणि खड्डा किती पावलांवर आहे ते मोजावे.