शिक्क्यांची साखळी आणि श्रमिकांची कोंडी

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो खेड तालुक्यात शिक्षक आहे. त्याच्या मुलीने परिचर्येची पदवी घेतली, दोन वर्षे रुग्णालयात नोकरी केली आणि तिला कुवैतमध्ये परिचारिकेची जागा मिळाली. नेमणूकपत्र हाती होते, पारपत्र हाती होते. अडले ते पदवी प्रमाणपत्रावरील शिक्क्यांपाशी. पदवी खरी आहे याचा विद्यापीठाकडून दाखला, त्यावर राज्याच्या शिक्षण खात्याचे साक्षांकन, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे, त्यावर त्या देशाच्या वकिलातीचे आणि तिथे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचे. घरातील कोणालाच ही वाट ठाऊक नव्हती. सोळा हजार रुपये एका दलालाच्या हाती ठेवले गेले. त्याने मूळ कागद सात आठवडे स्वतःच्या खणात ठेवले, आणि रुजू होण्याची तारीख टळून गेली. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "सर, यात आमचा गुन्हा कोणता?"

गुन्हा त्यांचा नव्हता, एवढे उत्तर पुरेसे नाही. या व्यवहाराच्या मुळाशी कोणती व्यवस्था आहे आणि तिचा लाभ कोणाला होतो, हे तपासणे समाजवाद्यांचे काम आहे. आपण ते आजवर केलेले नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. परदेशी कागदपत्रांवर शिक्क्यांमागून शिक्के घेत फिरण्याची ही प्रथा जगाला फार पूर्वीच असह्य झाली होती. म्हणूनच ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक करार झाला. करारात सामील असलेल्या देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने 'अपोस्टिल' नावाचे एकच प्रमाणपत्र कागदाला जोडले की दुसऱ्या सदस्य देशाने आणखी काही मागायचे नाही, हे त्याचे सार. भारताने या करारात सामील व्हायला २००४ साल उजाडावे लागले. १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला. आखातातील ओमान, बहरीन आणि २०२२ च्या डिसेंबरपासून सौदी अरेबिया या करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवैत हे देश अद्याप बाहेर आहेत. म्हणजे आपल्या माणसांची मोठी संख्या जिथे राबते, तिथल्या अनेक वाटांवर जुनी वकिलातीची पायरी कायमच आहे. उलट जर्मनीने भारताच्या प्रवेशालाच हरकत घेतली आणि ती मागे घेतलेली नाही. त्याच जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने २०२४ साली कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. माणसे हवीत, पण त्यांच्या देशाच्या अपोस्टिलवर विश्वास नाही, असा हा न्याय आहे!

परंतु सगळा दोष परक्यांच्या माथी मारून चालणार नाही. अपोस्टिल नेमके काय सिद्ध करते? कागदावरील सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे, एवढेच. कागदातील मजकूर खरा आहे, असे ते कधीही म्हणत नाही. शिवाय सक्षम अधिकारी कोण आणि किती असावेत, हे ठरवण्याचा अधिकार कराराने त्या त्या देशाला दिलेला आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांचे सचिव कार्यालय अपोस्टिल देते. आपण मात्र तो अधिकार परराष्ट्र मंत्रालयाच्या हाती ठेवला आणि त्याच्या दारापर्यंत पोचण्यापूर्वी राज्याची पायरी कायम ठेवली: शिक्षणाचे कागद शिक्षण खात्याकडे, जन्म-विवाहाचे दाखले गृह वा सामान्य प्रशासन खात्याकडे, व्यापारी कागद वाणिज्य मंडळाकडे. हेगच्या कराराने साखळी तोडली ती सीमेपलीकडे. सीमेअलीकडची साखळी आपली स्वतःची, स्वदेशी आहे.

२०१९ साली हे काम दिल्लीबाहेर मुंबईसह काही शहरांत सुरू झाले, हे चांगलेच झाले. पण गडचिरोलीच्या तरुणाला मुंबई नऊशे किलोमीटरांहून दूर आहे. कागद स्वीकारण्याचे काम खाजगी संस्थांकडे सोपवलेले आहे. अपोस्टिलचे सरकारी शुल्क अवघे ५० रुपये. साध्या साक्षांकनाला मंत्रालय शुल्कच घेत नाही. मग ५० रुपयांच्या कागदाची किंमत बाजारात हजारांवर कशी जाते?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर कठीण नाही. वस्तू दुर्मिळ केली की तिच्यावर खंड उपटता येतो. येथे शिक्का दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती माहिती, जवळचे कार्यालय आणि निश्चित मुदत. दलाल विकतो ते हेच. अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ साली परवान्यांच्या टंचाईतून निघणाऱ्या अशा खंडाची मीमांसा केली आणि त्यात भारताचे उदाहरण घेतले. त्यातून उदारीकरणवाद्यांनी निष्कर्ष काढला की शासनच आकसावे. आपण त्या निष्कर्षाला विरोध केला, तो योग्यच होता. पण विरोधाच्या भरात लाल फितीचा प्रश्नच आपण त्यांना आंदण देऊन टाकला. कचेरीत खेटे घालणारा माणूस आपला होता; त्याच्या संतापाचे भांडवल मात्र दुसऱ्यांनी केले.

आणि त्यांनी तरी काय दिले? भांडवलाची वाट मोकळी केली, श्रमाची नाही. आज निवासी भारतीयाला दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम बँकेत अर्ज भरून परदेशी पाठवता येते. परकी भांडवलाला बहुतेक क्षेत्रांत पूर्वपरवानगीवाचून प्रवेश आहे. परंतु खेडची परिचारिका आपले दोन हात आणि एक पदवी घेऊन निघाली की तिला पाच दारांवर उभे राहावे लागते. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी १११ अब्ज डॉलर पाठवले. जगातील कोणत्याही देशाला त्या वर्षी एवढी रक्कम मिळाली नाही. या पैशाचे गोडवे अर्थमंत्री गातात. तो मिळवणाऱ्याच्या वाटेवर एक खिडकी उघडावी, असे कोणाला सुचत नाही.

या टीकेवर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. देशात बनावट पदव्यांचा सुळसुळाट आहे. तपासणी सैल केली तर खऱ्या पदवीधरांचीच पत जाईल. काळजी रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. साखळीतील वरचा अधिकारी बहुधा खालच्याची सही आपल्याजवळच्या नमुन्याशी ताडून पाहतो. पदवी तपासत नाही. पहिल्या पायरीवर खोटेपणा घुसला तर पुढचे चार शिक्के त्याला फक्त प्रतिष्ठा देतात. खरी तपासणी एकाच जागी होऊ शकते: जिथे मूळ नोंद आहे तिथे. पदवीची विद्यापीठात, जन्माची निबंधकाच्या नोंदवहीत. मूळ नोंदीवरून कागद परस्पर पडताळण्याची 'ई-सनद' योजना केंद्राने २०१७ सालीच सुरू केली. तत्त्व मान्य झालेले आहे. ते अखेरच्या माणसापर्यंत नेण्याची इच्छा तेवढी हवी. १९६९ च्या कायद्याने बाळाचे नाव नसलेलीही जन्मनोंद होऊ शकते, आणि अशा जुन्या नोंदी गावोगाव आहेत. परदेशी जाण्याच्या आदल्या महिन्यात ते उघडकीला येते आणि मग धावाधाव सुरू होते. तेव्हा काम मूळ नोंद सुधारण्याचे आहे, शिक्के वाढवण्याचे नव्हे.

यातील सर्वात क्रूर भाग पैशाचाही नाही. मूळ प्रमाणपत्रे दलालाच्या ताब्यात गेली की मुलगी किंवा मुलगा त्याचा बांधील होतो. पगार कमी सांगितला, करार बदलला, तरी "कागद परत द्या" म्हणण्याचे बळ उरत नाही. आखातात मालकाने पारपत्र काढून घेतले की आपण वेठबिगारी म्हणून ओरडतो. ती वेठ मायदेशातच, दलालाच्या खणात सुरू झालेली असते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. एक, अपोस्टिल व साक्षांकनाचा अधिकार जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत आणावा. करार त्याच्या आड येत नाही. दोन, विद्यापीठ व निबंधक यांनी पडताळलेल्या कागदावर राज्याची वेगळी पायरी नको. तीन, २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमातील मुदत, अपील व दंड या कामाला काटेकोरपणे लागू व्हावेत. चार, मूळ कागद अडवून ठेवणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा. पाच, जे देश करारात नाहीत त्यांच्याशी द्विपक्षीय बोलणी करताना माणसांच्या कागदांचा विषय तेलाइतकाच महत्त्वाचा मानावा.

शासन हे करील तेव्हा करील. तोवर तालुक्याच्या पक्ष कार्यालयात आठवड्यातून एक दिवस एक टेबल मांडता येणार नाही काय? कोणता कागद कोठे जातो, शुल्क किती, मूळ प्रत कोणाला द्यायची नाही, हे सांगणारा एक फलक आणि एक जाणता कार्यकर्ता, इतकेच पुरे. क्रांतीच्या मानाने हे काम किरकोळ वाटेल. पण माझ्या विद्यार्थ्याने सोळा हजार रुपये दलालाला दिले, कारण त्याच्या गावात विचारायला दुसरे कोणी नव्हते. ते दुसरे कोणी आपण असायला हवे होतो.