ड्रायव्हरची झोप कुणाच्या हिशेबात?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची नागपूरवारी असो, ६ डिसेंबरची चैत्यभूमी असो की १ जानेवारीचे भीमा कोरेगाव असो, आमच्या तळोद्यातून गाड्या निघतात. आठ-पंधरा दिवस आधी बैठक बसते. वर्गणी किती, सीट किती, गाडी कुणाची, भाडे किती, पहिल्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना बसवायचे की महिला मंडळाला, शिदोरी कुणाकडे, सगळे ठरते. गेली वीस वर्षे आम्ही अशा बैठकांना बसत आलो. या वीस वर्षांत एकाही बैठकीत एक प्रश्न निघाल्याचे आम्हाला आठवत नाही. ड्रायव्हर झोपणार कधी? दुसऱ्या कुणी विचारला नाही आणि वकील असूनही आम्ही विचारला नाही. म्हणून आरटीओला, सरकारला आणि गाडीमालकाला जाब विचारण्याआधी आम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभे राहतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी आमची बस तळोद्याहून निघाली. पन्नास माणसे, एक ड्रायव्हर, एक क्लीनर. रात्रभर चालून सकाळी दादरला पोहोचलो. आम्ही रांगेत लागलो. दिवसभर अभिवादन, पुस्तकांचे स्टॉल, भाषणे. ड्रायव्हर मात्र गाडीजवळ. पार्किंगमध्ये गाडी मागे घे, पुढे घे, पोलीस आले की हलव, ऊन चढले की पत्रा तापतो. दोन सीटच्या मधल्या बोळात अंग टाकून त्याने किती झोप घेतली असेल, हे आम्ही पाहिलेही नाही. रात्री आठला परतीला लागलो. "भाऊ, सकाळी घरी पोहोचलो पाहिजे हं, पोरांची शाळा आहे," असे त्याला सांगणारे आम्हीच. पहाटे चिमठाण्याजवळ बस डांबर सोडून कच्च्यात उतरली आणि बाभळीच्या झाडाला घासून थांबली. नशीब बलवत्तर, कुणाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. ड्रायव्हर खाली उतरला, तोंडावर पाणी मारले आणि एवढेच म्हणाला, "साहेब, झापड आली."

पुढे काय झाले? तळोद्यात पोहोचल्यावर कमिटीने त्याच्या भत्त्यातून पाचशे रुपये कापले. कापलेल्या पैशाच्या चिठ्ठीवर आमचीही सही होती.

हिशेब आम्ही नंतर मांडला. ५ तारखेच्या संध्याकाळपासून ७ तारखेच्या सकाळपर्यंत तो माणूस छत्तीस तासांच्या वर कामाला जुंपलेला होता. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागा राहिलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारू प्यालेला ड्रायव्हर असता तर आम्ही गाडीत पाऊल ठेवले नसते. झोपेने झिंगलेल्या ड्रायव्हरला मात्र आम्ही घाई करत होतो!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा केला. लांब पल्ल्यासाठी वा सणासुदीला परवानगी घेऊन फार तर दिवसाला दहा तास आणि आठवड्याला ५४ तास. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती. एक दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत साधारणपणे सलग नऊ तास मोकळे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक मोटार व्यवसायाला हे लागू होते. कायदा चांगला होता. साठ वर्षे तो कपाटात चांगला राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा गेला आणि त्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली. आठ तासांचा दिवस तिच्यात आहे. परंतु दोन गोष्टी आमच्या लोकांनी नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, पाच कामगारांची अट आता दहावर गेली. दुसरी, पाच तासांनंतर अर्धा तास हा हक्क पूर्वी कायद्याच्या कलमातच लिहिलेला होता. आता मध्यंतर किती आणि कधी, हे सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे आहे. कायदा बदलायला सभागृह लागते, अधिसूचना बदलायला एक सही पुरते.

दहाची अट कुणाला बाहेर फेकते? तळोदा, अक्कलकुवा, शहादा भागात गाड्या कुणाच्या आहेत ते पाहा. एक बस, दोन बस, फार तर चार-पाच गाड्यांचे मालक. त्यांच्याकडे दहा कामगार कुठून येणार? म्हणजे ज्या ड्रायव्हरला ना नेमणूकपत्र, ना हजेरी, ना संघटना, तोच संहितेच्या दाराबाहेर उभा. एसटीच्या चालकाला निदान ड्युटीचा तक्ता असतो आणि तक्रार करायला युनियन असते. टूरच्या ड्रायव्हरला मालकाचा फोन असतो आणि प्रवाशांची घाई असते.

तरीही वाट बंद झालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ वाचा. वाहतुकीचे वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीचे कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे असतील, असे ते सांगते. कोणत्याही व्यक्तीचे! तिथे पाचची अट नाही आणि दहाचीही नाही. जुना कायदा रद्द झाला म्हणून हे कलम मेले असेही नाही. रद्द झालेल्या कायद्याचा उल्लेख हा त्याच्या जागी आलेल्या तरतुदीचा उल्लेख समजावा, असा सर्वसाधारण नियम १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येच आहे. याच कलम ९१ प्रमाणे राज्य सरकार, आणि त्याने अधिकार दिल्यास परिवहन प्राधिकरण, मालकाला ड्रायव्हरचे तास आधी ठरवायला आणि नोंदवायला लावू शकते. ठरलेल्या तासांबाहेर काम करणारा जसा दोषी, तसाच काम करायला लावणारा आणि करू देणाराही दोषी. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चालकांच्या कामाच्या तासांची अंमलबजावणी व्हावी यासाठी केंद्राला राज्यांच्या बैठका घ्यायला सांगितले. हत्यार आहे. ते उचलणारा हात नाही.

हात का उठत नाही? कारण अपघात झाला की सगळ्यांना एक सोपा आरोपी सापडतो. २१ ऑक्टोबर २०२० ला आपल्याच जिल्ह्यात कोंडाईबारी घाटात सुरतकडे जाणारी खासगी बस पुलावरून कोसळली, पाच जीव गेले. २ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास सापुताऱ्याच्या घाटात मध्य प्रदेशातील यात्रेकरूंची बस दरीत गेली. त्र्यंबकेश्वरहून गुजरातकडे निघालेल्या त्या बसमध्ये ड्रायव्हरसह पाच जण गेले. या अपघातांची कारणे काय ती तपासयंत्रणा सांगेल, आम्ही निकाल देत नाही. आम्ही फक्त तपासाची रीत सांगतो. घटनास्थळाचा पंचनामा होतो, ब्रेकच्या खुणा मोजतात, वाहन निरीक्षक गाडी तपासतो, ड्रायव्हरचे रक्त दारूसाठी तपासायला जाते. पण हा माणूस मागच्या दोन दिवसांत किती तास स्टेअरिंगवर होता, हा प्रश्न विचारलेला कागद आमच्या वकिलीत आमच्या हातात आलेला नाही. नव्या प्रवासी गाड्यांत जागा दाखवणारे यंत्र सक्तीचे आहे. गाडी कधी थांबली, किती वेळ थांबली, ते यंत्र सांगू शकते. विचारणारा पाहिजे.

ड्रायव्हर जगला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मालक साक्षीदाराच्या रांगेत. जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ड्रायव्हर याच कलमातल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा ते पोटकलम रोखून धरावे लागले. शिक्षा वाढवायला सरकार तयार, झोप द्यायला कुणीच तयार नाही! आणि ड्रायव्हर मेला तर? चूक त्याचीच ठरली की अपघात न्यायाधिकरणात त्याच्या बायकोपोरांचा दावा लंगडा पडतो. कामावर असताना मृत्यू आला म्हणून मालकाकडून भरपाई मागता येते, तिथे चुकीचा प्रश्न येत नाही. मात्र तो नोकरीवर होता याचा कागद लागतो. हा कागदच कुणी दिलेला नसतो. म्हणून ड्रायव्हर बांधवांना आमचे सांगणे आहे, पगार रोख घेऊ नका, खात्यावर घ्या. ट्रिपच्या भत्त्याचा, मालकाच्या फोनवरच्या निरोपाचा पुरावा जपून ठेवा.

हे स्टेअरिंग कुणाच्या हातात आहे? आमच्या भागातली आदिवासी, बौद्ध, मुस्लिम, भटक्या-विमुक्तांची पोरे जमीन नाही, नोकरी नाही म्हणून लायसन्स काढतात. आणि आमच्यासाठी तर हा विषय परका नाहीच. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि अनुच्छेद ४३ मध्ये कामगाराची फुरसत लिहिली गेली. त्या बाबासाहेबांना अभिवादन करायला जाताना आम्ही एका कामगाराला छत्तीस तास जागे ठेवतो, याला काय म्हणावे?

युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे थांबावेच लागते. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. गाडीतले यंत्र प्रत्येक मिनिट नोंदवते. तिथल्या टूर बसवाल्यांनी सवलत मागितली, तेव्हा २०२४ मध्ये ती ४५ मिनिटे तुकड्यांत घेण्याची अधिक मोकळीक मिळाली. पण ४५ ची ४० झाली नाहीत.

कुणी म्हणेल, दोन ड्रायव्हर गरिबाला परवडत नाहीत. हिशेब करू. समजा दुसऱ्या ड्रायव्हरचे दोन हजार रुपये झाले. पन्नास सीटला वाटले तर माणशी चाळीस रुपये. रस्त्यातल्या चहा-भज्यांवर यापेक्षा जास्त जातात. छोट्या मालकाची अडचण आम्हाला कळते, तोही बँकेचे हप्ते फेडतो. म्हणूनच हा खर्च त्याच्या माथी न मारता गाडी ठरवणाऱ्यांनी उचलावा.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे. कलम ९१ चा अधिकार वापरून टूरच्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरचे तास लेखी नोंदवणे सक्तीचे करावे आणि नंदुरबारच्या परिवहन कार्यालयाने गाडी अडवली की लायसन्सबरोबर ती नोंदही मागावी. पण सरकारची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नाही. तळोद्यातल्या प्रत्येक मंडळाने, विहाराच्या कमिटीने, महिला मंडळाने येत्या बैठकीत एवढे चार ठराव करावेत. नागपूर-मुंबईसारख्या लांब फेरीला दोन ड्रायव्हर असतील तरच गाडी घ्यायची. चार तासांनी अर्धा तास गाडी उभी, कितीही उशीर होवो. मुक्कामी ड्रायव्हरला गाडीबाहेर, पंख्याखाली झोपायला जागा आणि वेळेवर जेवण. आणि "लवकर चल" असे त्याला कुणीही म्हणायचे नाही. भाडेचिठ्ठीवर हे लिहून मालकाची आणि कमिटीची सही घ्यावी. असा मसुदा आम्ही करून ठेवला आहे, ज्यांना हवा त्यांनी कोर्टात येऊन घेऊन जावा, फी नाही.

राहिले ते पाचशे रुपये. त्या ड्रायव्हरचा आम्ही शोध घेतला. आता तो गुजरातेत ट्रक चालवतो. दिवाळीला गावी आला तेव्हा आम्ही त्याच्या घरी जाऊन ते पैसे परत केले. त्याने ते घेतले, मोजले नाहीत. "साहेब, या वर्षी बसवर कोण आहे?" एवढेच त्याने विचारले. आमच्याजवळ नाव होते. एकच नाव होते. त्या रात्रीच आम्ही कमिटीला फोन लावला आणि दुसरे नाव लिहायला सांगितले.